तंबोरा मिळवायला लागणारी ती वीस मिनिटं

मंद्रसप्तक | ९ जून, सकाळी ६.५०

घर रंगवायला काढलं म्हणून परवा कपाटावरचा तंबोरा खाली उतरवला. आईचा, मिरजेत घेतलेला. गवसणीवर धुळीचा थर, पंचमाची तार तुटलेली, एक खुंटी गायब. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

मुलगी चौदा वर्षांची आहे, सहा वर्षं गाणं शिकते. तिने विचारलं, "बाबा, हा कुठल्या पट्टीचा?" म्हटलं, तू म्हणशील त्या पट्टीत मिळवायचा. तर म्हणाली, "म्हणजे काय करायचं?"

तिचं काही चुकलं नाही. तिने तंबोरा पाहिलाय तो फोनच्या पडद्यावर. काळी चार निवडायची, पंचम की मध्यम ते ठरवायचं, बोट टेकवायचं. पुढचा तासभर तो जराही न उतरता वाजत राहतो. क्लासमध्येही तसंच, बाईंच्या टेबलावर इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा असतो.

आईचं मिळवणं डोळ्यांपुढे आलं. पहाटे साडेपाचला ती तंबोरा मांडीवर आडवा घ्यायची. आधी जोड, म्हणजे षड्जाच्या मधल्या दोन तारा. दोन्ही तारा एकमेकींत अशा विरघळवायच्या की एकच तार वाजतेय असं वाटावं. मग खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची तार, मग पंचम. खुंटी पिळून ढोबळ सूर आला की घोडीखालचे (तारा ज्यावर टेकतात ती घोडी) मणी सरकवून बारीक सूर. शेवटी दोरा. तार आणि घोडी यांच्यामधला तो सुताचा धागा केसभर पुढे, केसभर मागे करत राहायची, आणि एका जागी आल्यावर सगळा भोपळा बोलायला लागायचा. मी अंथरुणात असायचो. आईचा चेहरा दिसायचा नाही, पण तंबोरा लागला हे अंथरुणात कळायचं, कारण खोलीचा आवाज बदलायचा. खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू यायला लागला की ती आणखी दोन मिनिटं नुसती ऐकत बसायची. मगच तोंड उघडायची.

हे सगळं मिळून वीस मिनिटं. पावसाळ्यात अर्धा तास.

आज मला वाटतं, तिचा अर्धा रियाझ त्या वीस मिनिटांतच व्हायचा. गळ्याचा नव्हे, कानाचा. ही मिनिटं आपण वाचवली आणि त्यांच्यासोबत नेमकं काय गेलं, हे मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय. गाणारे, वाजवणारे, वाद्यं बनवणारे, नुसते ऐकणारे, सगळ्यांनी लिहा.

चाळकरी | ९ जून, सकाळी ९.१५

फार सुंदर लिहिलंत. पण मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण मी त्या डब्याची ऋणी आहे.

मी चौतिसाव्या वर्षी गाणं शिकायला लागले. गिरगावात चाळीत दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही पाच माणसं. तंबोरा ठेवायला घरात कोपरा नव्हता. ठेवला असता तरी धाकट्याने दोन दिवसांत पाडला असता. आणि वीस मिनिटं? सकाळी पाणी यायचं पन्नास मिनिटं. त्यातच डबे, त्यातच आंघोळी.

नवऱ्याने दिवाळीला इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. तो मी ओट्यावर ठेवायचे, डब्यांच्या रांगेत. कणीक मळता मळता खर्ज लावायचे. सासूबाई सुरुवातीला गप्प असायच्या. चार महिन्यांनी एके दिवशी मी तो चालू करायला विसरले, तर आतून त्यांचा आवाज आला, "अगं, ते तुझं लाव की."

माझा मोठा ख्याल कधी झाला नाही, होणारही नाही. पण बागेश्री म्हणजे काय हे मला माहीत आहे, आणि ते त्या डब्याने दिलं. तुमच्या आईंना पहाटेचा तास आणि मांडी ठेवायला जागा होती. माझ्यासारख्या हजारो जणींकडे नव्हती.

निषादप्रिय | ९ जून, सकाळी १०.०२

चाळकरीताई, +१. माझ्या मावशीचीही हीच गोष्ट.

मंद्रसप्तक | ९ जून, दुपारी १.३०

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पहाटेचा तास माझ्या आईलाही कुणी दिला नव्हता, तो तिने झोपेतून काढला होता. पण मांडी ठेवायला जागा होती हे खरं. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पेटीचे_सूर | ९ जून, रात्री ९.४०

मी हार्मोनियम दुरुस्त करतो, तीस वर्षं. म्हणून मागे जाऊन सांगतो.

आज आपण ज्या पेटीला परंपरा म्हणतो, तीच एकेकाळी बाहेरून आलेलं यंत्र होती. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पायाने भाता चालवायचं ते वाद्य. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते जमिनीवर बसून, एका हाताने भाता मारत वाजवता येईल असं केलं. आपल्या संगीत नाटकांनी तर पायपेटी आणि ऑर्गन डोक्यावर घेतले. गोविंदराव टेंब्यांनी पेटीला साथीतून उठवून एकल वादनापर्यंत नेलं.

आणि विरोधही तेवढाच झाला. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. १९७१ पर्यंत, म्हणजे तीन दशकं. आक्षेप खोटा नव्हता. पेटीचे सूर ठाम असतात, मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं निघत नाही, आणि सप्तक सारख्या बारा भागांत कापलेलं असतं. तंबोऱ्यातून जो गांधार आपोआप निघतो, तो पेटीच्या गांधारापेक्षा १४ सेंट उतरा असतो. सेंट म्हणजे एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. कागदावर १४ किरकोळ वाटतात. यमनच्या गांधारावर थांबून ऐका, पेटीचा गांधार टोचतो.

त्यावर उपाय शोधणारेही आपल्याकडेच झाले. १९१० च्या सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांच्या मागे लागले. मापं घ्यायला त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा प्रमाण धरला, आणि त्यातून श्रुती हार्मोनियम निघाली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी केली. म्हणजे यंत्राने कान बिघडवला असं म्हणणारे आणि त्याच यंत्राला कानाप्रमाणे वळवू पाहणारे, दोन्ही एकाच काळात होते.

आता माझा अनुभव. सूर मिळवताना आम्ही पितळी पट्टी खरवडतो. टोकाला खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. खरवडलेलं परत भरता येत नाही, म्हणून हात धीराचा लागतो. पूर्वी गवई स्वतः यायचे, समोर बसायचे, म्हणायचे "गांधार जरा खाली घ्या". मी घ्यायचो. आता गिऱ्हाईक फोनवरचा ट्यूनर घेऊन येतं. त्यात काटा मध्ये आला की हिरवं, सरकला की लाल. मी कानाने लावलेला गांधार लाल दिसतो. "काका, हा सूर चुकलाय." मग त्यांच्यासमोर तंबोरा लावून ऐकवतो. दहातले दोन ऐकून "हाच ठेवा" म्हणतात. आठ जणांना हिरवा हवा असतो. त्यांना मी हिरवा करून देतो, पण त्या दिवशी दुकान बंद करताना बरं वाटत नाही.

तारषड्ज | १० जून, सकाळी ७.२०

पेटीकाका, तुमचा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे.

तंबोऱ्याच्या गांधाराबद्दल थोडं भौतिकशास्त्र. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवर निबंध लिहिला होता. तारेच्या मूळ सुराबरोबर वरचे बारीक सूरही निघतात, ते उपस्वर. नियम असा, की तार ज्या जागी छेडाल त्या जागी ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर ऐकू यायला नको. रामन यांनी दाखवलं की तंबोऱ्यात तोही ऐकू येतो. कारण घोडी. तिची पाठ धारदार नसून हलक्या उताराची असते. तार कंपताना त्या उतारावर टेकते-सुटते, टेकण्याची जागा सरकत राहते, आणि तारेतली शक्ती वरच्या उपस्वरांत जात राहते. दोऱ्याने ती टेकण्याची जागा बरोबर ठरते. मंद्रसप्तक यांच्या आई केसभर सरकवत होत्या ते हेच.

पाचवा उपस्वर म्हणजे गांधार. खर्जाच्या दोन सप्तकांहून थोडा वर. तो कुणी वाजवत नाही, तो उगवतो.

घाटाखाली | १० जून, दुपारी १२.४५

विषयाला थोडं सोडून लिहितोय, पण मनात होतं म्हणून.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. भैरोबाच्या देवळात सांजेच्या आरतीला पूर्वी नगारा गुरवांच्या घरचा असायचा. घंटेला एक पोरगा, झांज दोघांकडे, शंखाला एक म्हातारे. पाच माणसं नक्की लागायची. म्हणून पाच घरांतून कुणी ना कुणी रोज यायचंच. पाऊस असो, सुगी असो. आरती झाली की अर्धा तास पायरीवर बसणं व्हायचं. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीचं स्थळ आलं, सगळं तिथे कळायचं.

मग मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून आरतीचं यंत्र बसवलं. मोटरवर चालणारा नगारा, घंटा, झांज, सगळं एका लोखंडी चौकटीत. हेतू चांगला होता, कारण माणसं कमी झाली होती, तरुण पुण्याला गेले होते. आता पुजारी बटन दाबतो, आरती म्हणतो, बटन बंद करतो. ताल चुकत नाही. पण आरती चढते कुठे? पूर्वी शेवटच्या कडव्याला नगारा हळूहळू वाढायचा, तशी म्हणणाऱ्यांची लय वाढायची. यंत्राची लय पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच.

मी नगारा शिकलो तो आठव्या वर्षी, गुरवआप्पांच्या शेजारी उभं राहून. कुणी शिकवला नाही. त्यांचा हात दमला की टिपरू माझ्या हातात द्यायचे. माझ्या पुतण्याला ते टिपरू कोण देणार? यंत्र कधी दमत नाही.

चाळकरी | १० जून, दुपारी २.१०

घाटाखाली, शेवटचं वाक्य वाचून थांबले. "हात दमला की टिपरू माझ्या हातात." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जर्सीतली_सांज | ११ जून, सकाळी ५.३०

न्यू जर्सीतून. माझी मुलगी पुण्यातल्या बाईंकडे ऑनलाइन शिकते, २०२० पासून. आमची रविवारची सकाळ सात म्हणजे त्यांची दुपार साडेचार. थंडीत घड्याळं मागे गेली की साडेपाच.

तंत्रज्ञान आवाजाचं काय करतं हे पहिल्या महिन्यात फार विचित्र रीतीने कळलं. मुलगी आकार लावायची, आणि बाई म्हणायच्या, "आवाज तुटतोय, सूर धरून ठेव." ती तर धरूनच असायची. इथे शेजारी बसून मला स्वच्छ ऐकू येत होतं. तीन आठवडे ती रोज रडली, की मला जमतच नाही. नंतर एका स्नेह्यांनी कारण सांगितलं. व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप सतत एकसारखा येणारा आवाज पंख्याची घरघर समजून काढून टाकतं. बोलण्याचा आवाज वरखाली होतो, म्हणून तो ठेवायचा. स्थिर असेल तो कचरा. म्हणजे तंबोरा कचरा, आणि माझ्या मुलीचा जितका स्थिर सूर तितका जास्त कचरा! ती जेवढं नीट गात होती तेवढं पुसलं जात होतं. मूळ आवाज तसाच पाठवायची सोय सेटिंगमध्ये होती. ती चालू केली आणि बाई पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं, किती छान लागलाय."

हे अ‍ॅप कुणी दुष्टपणाने केलेलं नाही. ते ऑफिसच्या मीटिंगसाठी केलेलं आहे, आणि आम्ही त्यात षड्ज लावत होतो.

दुसरी अडचण सुटली नाही. दोघींना एकत्र गाता येत नाही, आवाज पोचायला वेळ लागतो. समोरासमोर बसलं तर दहा मीटरवरचा आवाजही सेकंदाच्या तीन शतांशांत पोचतो. इथे त्याच्या कितीतरी पट जातो. बाई म्हणतात, मग ती म्हणते. बाईंच्या सुराला सूर लावून, त्यांच्या आवाजाच्या सावलीत गाणं असं जे असतं, ते तिने फक्त तीन वेळा अनुभवलंय, भारतात आलो तेव्हा. पहिल्यांदा तसं गायल्यावर ती मला म्हणाली, "आई, माझा आवाज कुठे संपतो तेच कळत नव्हतं."

पण ऑनलाइन नसतं तर इथे तिला हे गाणं मिळालंच नसतं. प्रत्येक तालमीचं रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे. बाईंनी चार वर्षांपूर्वी सांगितलेली बिहागची जागा ती आज पुन्हा ऐकू शकते.

तबकडी | ११ जून, सकाळी ११.००

रेकॉर्डिंगचा विषय निघालाच आहे, तर जुन्या तबकड्या जमवणारा म्हणून लिहितो.

१९०२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करायला आले. गौहर जान गायल्या आणि गाणं संपताच इंग्रजीत मोठ्याने स्वतःचं नाव सांगितलं. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या कामगारांना कुठली तबकडी कुणाची हे त्यावरून कळायचं. ती प्रथा बरीच वर्षं टिकली. माझ्याकडच्या काही तबकड्यांत गायक स्वतःचं नाव घेतात, तो क्षण मला गाण्याइतकाच प्रिय आहे. भोंग्यापुढे उभं राहून, समोर एकही श्रोता नसताना माणूस काय विचार करत असेल!

मुद्दा हा. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. तासभर राग उलगडणाऱ्याला ही केवढी शिक्षा. तरी त्याच चौकटीत अब्दुल करीम खाँसाहेबांनी जे केलं ते ऐका. आलाप नाही, पसरट बढत नाही. पहिल्याच सुराला राग उभा. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, ती याच साडेतीन मिनिटांच्या घडणीतली. गोव्यातल्या केरी गावच्या बाईंचा आवाज आज ग्रहांच्याही पल्याड, ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे.

चौकट लहान झाली म्हणून कला लहान होतेच असं नाही. पण एक फरक मला कळीचा वाटतो. तबकडीने गवयाला जास्त काम दिलं: कमी वेळात मांडायचं, म्हणजे आधी जास्त विचार करायचा. तंबोऱ्याच्या अ‍ॅपने काम कमी केलं. कुठलं काम कमी झालं, यावर सगळं अवलंबून आहे. हमालीचं कमी झालं तर आनंदच. ऐकण्याचं कमी झालं तर मात्र विचार करायला हवा.

मंद्रसप्तक | ११ जून, रात्री १०.२०

तबकडी, मला जे सांगायचं होतं ते तुम्ही नेमकं सांगितलंत. आई ज्याला रियाझ समजत होती, त्याला यंत्र बनवणाऱ्याने हमाली समजलं.

कोमल_रे | १२ जून, रात्री १२.५०

मी बावीस वर्षांची आहे, संगीतात एम.ए. करते. अ‍ॅपवरच वाढले. हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

मागच्या हिवाळ्यात गुरुजींच्या मैफलीत पहिल्यांदा तंबोऱ्यावर बसले. मागे बसणं म्हणजे मोठा मान. तंबोरे गुरुजींच्या ज्येष्ठ शिष्याने मिळवून दिले होते, मला फक्त छेडायचं होतं. मध्यंतरापर्यंत हॉलमधल्या दिव्यांनी तारा तापल्या, जोड उतरली. गुरुजींनी गाता गाता मागे वळून पाहिलं. मला कळेना काय झालं. मला खरंच ऐकू येत नव्हतं. त्यांनी तान संपवली, मागे हात करून माझ्या तंबोऱ्याचा मणी स्वतः सरकवला आणि पुढे गायला लागले. कुणी काही बोललं नाही. ते घरी जातानाही बोलले नाहीत.

एम.ए.ला मला श्रुतींवर प्रश्न आला होता, चांगले गुण पडले. आणि शेजारी उतरलेली जोड मला ऐकू आली नाही. अ‍ॅप कधी उतरतच नाही, मग उतरलेलं कसं असतं हे मी कुठे ऐकणार?

आता रोज एक गोष्ट करते. विभागातला जुना तंबोरा मुद्दाम उतरवते आणि पुन्हा मिळवते. पहिल्या महिन्यात चाळीस मिनिटं लागायची. माझ्या स्वतःच्या गाण्यात काय बदललं ते मला सांगता येत नाही. पण गुरुजींनी मागच्या आठवड्यात मारव्यासाठी (त्या रागात पंचम नसतो) पंचमाच्या तारेवर निषाद मिळवायला मला सांगितलं.

पेटीचे_सूर | १२ जून, सकाळी ८.०५

बाळ, निषाद मिळवायला सांगितला, याचा अर्थ तुला कळलाय ना? पंचम कुणीही लावतो. मारव्याचा निषाद गवई ज्याच्या कानावर भरवसा असेल त्यालाच लावू देतो. लिहिलंस हे फार चांगलं केलंस.

भोपळ्याचा_माळा | १३ जून, संध्याकाळी ६.३०

मिरजेहून. घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम आहे, म्हणून उशिरा का होईना लिहितो.

आमचे पूर्वज शिकलगार. तलवारी, भाले बनवायचे, धार लावायचे. इंग्रजी अंमलात हत्यारांचं काम बसलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी आधी गवयांची वाद्यं दुरुस्त केली, मग नवी बनवायला घेतली. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. तेव्हापासून आमच्या गल्लीतली आडनावंच सितारमेकर झाली. म्हणून यंत्र आलं, धंदा बदलला, हे आम्हाला नवीन नाही. आमचा धंदाच त्यातून जन्माला आलाय.

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढा भागातून. कडू भोपळा, खायचा नव्हे. मोठा व्हावा म्हणून शेतकरी त्याला वेलीवर जपतो, खाली पेंढा घालतो, आकार बिघडू नये म्हणून फिरवतो. वाळल्यावर आम्ही माळ्यावर टांगतो, जितका जुना तितका चांगला. त्यावर तबली, दांडी, घोडी, नक्षी. पण तंबोरा तंबोरा होतो तो जवारीला, म्हणजे घोडीची पाठ घासून तारेचा गुंजता आवाज काढण्याला. घोडीच्या पाठीवर कानस किती घासायची आणि कुठे थांबायचं, हे मला वडिलांनी शब्दांत कधी सांगितलं नाही. ते घासायचे, तार छेडायचे, माझ्याकडे बघायचे. "आलं?" मी हो म्हटलं तर म्हणायचे, "नाही आलं. परत ऐक." चार वर्षं असं चाललं.

डब्याने आमचं नुकसान केलं का? केलं. पूर्वी गाणं शिकणाऱ्या प्रत्येक घरात एक तंबोरा जायचा, आता जात नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरचे जी. राज नारायण यांनी पहिला इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला, तेव्हा आमच्या आजोबांना कुणी तो आणून ऐकवला होता. ते म्हणाले होते, "सूर आहे, श्वास नाही." पण आताच्या डब्यांत आणि अ‍ॅपमध्ये जो आवाज असतो तो खऱ्या तंबोऱ्याचा ध्वनिमुद्रित आवाज असतो. त्यातले काही तंबोरे मिरजेचेच असणार. कुणीतरी इथे घासलेली घोडी जगभर फोनमध्ये वाजतेय, आणि ती घासणाऱ्याला कुणी ओळखत नाही.

दुसरं असं, की फोनमुळेच आज लंडनचा माणूस आम्हाला थेट विचारतो. जवारी काढली की आम्ही आवाज रेकॉर्ड करून पाठवतो, तो म्हणतो "थोडी बंद करा", आम्ही करतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर विचारणा वाढली. तरुण पोरं धंद्यात टिकायला तेवढी पुरेल की नाही, ते पुढे दिसेल. माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत घोडी घासायला बसतो. त्याला मी विचारतो, "आलं?"

मंद्रसप्तक, तुमच्या आईंचा तंबोरा घेऊन या. टाकून देऊ नका.

घाटाखाली | १३ जून, रात्री ८.००

काका, तुमच्या "आलं?"ने आमच्या गुरवआप्पांची आठवण झाली. यंदाच्या जत्रेला यंत्र बंद ठेवून हाताने नगारा वाजवायचा, असं मी गावच्या ग्रुपवर टाकलंय. तिघांनी हो म्हटलंय. पाच हवेत.

निषादप्रिय | १४ जून, सकाळी ९.३०

पाच नक्की होतील. मुंबईकरांनाही विचारा, ते जत्रेला येतातच.

मंद्रसप्तक | २७ जुलै, सकाळी ७.१०

दीड महिन्याने धागा वर काढतोय.

जूनअखेर तंबोरा घेऊन मिरजेला गेलो, मुलीलाही नेलं. भोपळा शाबूत निघाला, तबलीला बारीक चीर होती ती भरली. खुंटी नवी, तारा नव्या, घोडी जुनीच ठेवून जवारी नव्याने काढली. काम चाललं होतं तेव्हा मुलगी तिथेच खाली बसून होती. तिसऱ्यांदा "आलं?" असं विचारल्यावर तिने "नाही, अजून नाही" असं उत्तर दिलं, आणि काका हसून म्हणाले, "बरोबर."

अ‍ॅप आम्ही काढून टाकलेलं नाही. शाळेच्या दिवशी सकाळी तेच लागतं, वेळ नसतो. चाळकरीताई, तेव्हा तुमचा ओटा आठवतो. शनिवार-रविवारी मात्र तंबोरा. काल तिने पहिल्यांदा एकटीने मिळवला. पस्तीस मिनिटं लागली. जोड छान जमली, पंचम थोडा चढा राहिला, तो तिचा तिला कळला आणि तिने उतरवला. मी आतल्या खोलीत मुद्दाम पडून होतो. खोलीचा आवाज बदलला तेव्हा उठून बाहेर आलो.

काका, एक अडचण. पाऊस सुरू झाल्यापासून खर्जाची खुंटी फुगून घट्ट बसलीये, तिच्या हाताला फिरत नाही. आणि जोडीची उलट सटकते. काय करावं?

भोपळ्याचा_माळा | २७ जुलै, सकाळी ८.४५

जोर लावू नका, भोक फाकेल. घट्ट झालेल्या खुंटीची तार आधी पूर्ण सैल करा, मग खुंटी डावी-उजवी हलवत बाहेर काढा आणि एक दिवस घरातच कोरड्या जागी ठेवा. उन्हात नको, गॅसजवळ तर मुळीच नको. बसवताना साधा पांढरा खडू लावा. सटकणाऱ्या खुंटीलाही खडूच, फक्त जरा जास्त, आणि पिळताना आत दाबत पिळायला सांगा. रात्री ठेवताना तारा थोड्या उतरवून ठेवा. गवसणीत नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या दोन-तीन पुड्या टाका. दोरा ओला झाल्यासारखा वाटला तर बदला, सुतीच घ्या, शिवणाच्या रिळाचा चालेल. मुलीला सांगा, पावसात पस्तीस मिनिटं लागली तर जास्त नाहीत. आम्हालाही लागतात.